कागद सरकारी दिसतो, पण देणं कुणाचं?

आप्पा माझे चुलतभाऊ. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३२ वर्षं मास्तरकी करून ५८व्या वर्षी निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी, फंड, विकलेली पेन्शन असं मिळून ४० लाखांच्या आसपास रक्कम खात्यावर आली आणि अमळनेरच्या घरी चहाचं आधण दिवसभर उतरेना. विम्यावाला आला, प्लॉटवाला आला, पतसंस्थेचे संचालक आले, पोस्टाच्या एजंट ताई दोनदा येऊन गेल्या. प्लॉटवाला सोडला तर प्रत्येकाच्या बोलण्यात एक शब्द हमखास: सरकारी.

मी गेलो तेव्हा आप्पांनी पलंगावर चार कागद पसरले. पतसंस्थेच्या ठेव योजनेचं पत्रक, पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा अर्ज, बँकेने दिलेली बचत रोख्यांची माहिती आणि पुण्याच्या मुलाने मोबाईलवर पाठवलेली यादी. यादीत रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या ऑनलाइन खात्यावर मिळणारे केंद्राचे आणि महाराष्ट्राचे रोखे होते.

"हाई सगळं सरकारीच शे ना रे भाऊ?"

चारपैकी तीन सरकारी होते. त्या तिघांतही सरकार तुमचं देणं वेगवेगळ्या वहीत लिहितं. आप्पांना ओट्यावर बसून जे सांगितलं, तेच इथे मांडतो. असे कागद पसरून बसलेली घरं पारोळ्यात, चोपड्यात, शिरपुरातही आहेत.

आधी एक गोष्ट. अमळनेरात पैशाचा विषय निघाला की विप्रो निघतंच. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून ती कंपनी सुरू झाली. ज्यांच्या घरच्यांनी तिचे शेअर न विकता पेटीत ठेवले, त्यांच्या कथा गावात पोथीसारख्या सांगतात. आप्पांच्याही मनात ती सल आहेच. पण शेअर घेणारा भागीदार असतो. धंदा फुगला की तोही फुगतो. सरकारचा रोखा घेणारा सावकार असतो. त्याला ठरलेलं व्याज आणि मुद्दल मिळतं, वर एक पै नाही. खानदेशातल्या शेतकऱ्याला सावकाराची बाजू उलटीकडून चांगली माहीत आहे. इथे फक्त खुर्ची बदलायची: कर्ज काढणारं सरकार, आणि बाँड लिहून घेणारे आपण.

या कर्जाला सार्वजनिक कर्ज म्हणतात. लोक ते दोन अर्थांनी वापरतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. बातमीत "राज्यावर इतक्या लाख कोटींचं कर्ज" असं येतं तेव्हा सरकारची बहुतेक सगळी देणी एका पोत्यात भरलेली असतात. महाराष्ट्राचा असा आकडा २०२५-२६च्या अर्थसंकल्पात नऊ लाख कोटींच्या पुढे दाखवला होता. कायद्याच्या भाषेत मात्र सार्वजनिक कर्ज म्हणजे सरकारने आपल्या एकत्रित निधीच्या तारणावर काढलेलं कर्ज. केंद्राला तो अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २९२ने दिला, राज्यांना २९३ने. राज्याला देशाबाहेर जाऊन स्वतः कर्ज काढता येत नाही, आणि केंद्राचं जुनं कर्ज अंगावर असेल तर नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते. एकत्र कुटुंबातल्या धाकट्या भावासारखी राज्याची गत आहे.

एकत्रित निधी म्हणजे सरकारची मुख्य तिजोरी. कर, शुल्क, कर्ज सगळं तिथे येतं, आणि विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या मंजुरीशिवाय त्यातून रुपया निघत नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात खर्चापुढे दोन शब्द दिसतात: दत्तमत आणि भारित. दत्तमत खर्चावर सभागृहात मतदान होतं. रस्ते, शाळा, पगार त्यात येतात. भारित खर्चावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. कर्जाचं व्याज आणि परतफेड भारित आहे. म्हणजे सरकार कुणाचंही असो, सभागृहात कितीही गोंधळ असो, सावकाराचा हप्ता मताला टाकताच येत नाही. मला विचाराल तर रोख्याची खरी ताकद अशोकस्तंभाच्या शिक्क्यापेक्षा या एका शब्दात आहे.

आता कागद एकेक करून.

पतसंस्थेचं पत्रक

यावर सगळ्यात ठळक अक्षरात "शासनमान्य" लिहिलं होतं आणि खाली नोंदणी क्रमांक. आप्पा तिथेच अडकले होते. नोंदणी म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली संस्था रीतसर स्थापन झाली, एवढंच. किराणा दुकानालाही परवाना असतो, म्हणून उधारी तहसीलदार फेडत नाही. पतसंस्थेची ठेव हे त्या पतसंस्थेचं देणं. ते सार्वजनिक कर्ज नाही, सरकारची हमीही नाही. बँकेत ठेव असली, अगदी सहकारी बँकेत असली तरी, ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. ही मर्यादा फेब्रुवारी २०२०पासून आहे, आधी १ लाख होती. पतसंस्थेला हा विमा लागू नाही. रिझर्व्ह बँकेचा तपासनीसही तिथे येत नाही.

व्याज मात्र एखाद-दीड टक्का जास्त, आणि पैसे लागले तर चेअरमनला फोन केला की संध्याकाळी हातात. ही सोय खोटी नाही. केळीचा चुकारा लांबला, मजुरांचे पैसे द्यायचेत, तेव्हा पतसंस्थाच धावून येते. माझ्या वडिलांनीही म्हणूनच एका पतसंस्थेत ठेव ठेवली होती. ती अडकली. पुढची कित्येक वर्षं अर्ज, प्रशासकाच्या दारात रांग, आणि तुकड्या-तुकड्याने मुद्दलातलं थोडं. वडील गेले तेव्हा पावती कपाटातच होती. जळगाव जिल्ह्यात हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या कपाटात अशी पावती असेल, म्हणून लांबवत नाही.

पोस्टाचा अर्ज

इथे आपण सरकारच्या दारात येतो, पण मागच्या दाराने. ज्येष्ठ नागरिक बचत योजना, मासिक उत्पन्न योजना, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, किसान विकास पत्र यांचा पैसा एकत्रित निधीत थेट जात नाही. तो लोकलेख्यात, राष्ट्रीय अल्पबचत निधीत जातो. हा निधी १ एप्रिल १९९९ला सुरू झाला. लोकलेखा म्हणजे सरकारने दुसऱ्यांचा पैसा विश्वस्त म्हणून सांभाळायची वही. गावच्या देवस्थानची वर्गणी पाटलाकडे असते, ती पाटलाची मिळकत नसते, पण मागितली की पाटलाने द्यावीच लागते; तसं. म्हणून काटेकोर अर्थाने पोस्टातला पैसा सार्वजनिक कर्जात मोजत नाहीत, "इतर दायित्वं" म्हणून वेगळा दाखवतात. मात्र देणं केंद्र सरकारचंच आहे. त्या निधीतला पैसा पुन्हा सरकारच्याच खास रोख्यांत गुंतवला जातो, म्हणजे फिरून तोच सरकारी कर्ज होतो.

आप्पांनी विचारलं, "मग फरक काय पडला?" सुरक्षिततेत तुमच्यासाठी फरक नाही. फरक अटींमध्ये आहे. बाजारातल्या रोख्याचा दर लिलावात ठरतो. पोस्टाचा दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं आणि तो पुष्कळदा बाजारापेक्षा बरा ठेवतं, कारण घेणारे ज्येष्ठ आणि मध्यमवर्गीय मतदार असतात. ही माझी टिप्पणी, सरकारची नव्हे.

ज्येष्ठ नागरिक योजनेचा दर २०२५मध्ये ८.२ टक्के होता. घेतलेल्या दिवशीचा दर पाचही वर्षं कायम राहतो. मर्यादा ३० लाख. २०२३च्या एप्रिलपर्यंत १५ लाखच होती. व्याज तिमाहीला, लाखामागे २,०५० रुपये. एरवी वयाची अट ६०, पण ५५ ते ६०च्या मधल्या निवृत्ताला निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती गुंतवता येते. आप्पांचे सात आठवडे पाहुण्यांना चहा पाजण्यात गेले होते. ही मुदत एकाही पाहुण्याने सांगितली नव्हती. सांगणार कसे, मुदत टळली तर पैसा त्यांच्याकडेच येणार.

मध्येच मोडायची वेळ आली तर: वर्षाच्या आत व्याज काहीच नाही, दिलेलं मुद्दलातून वळतं होतं, एक ते दोन वर्षांत मुद्दलाच्या दीड टक्का कपात, त्यानंतर एक टक्का. हे परवडणारं आहे.

२०२५मध्ये बचत प्रमाणपत्र ७.७ टक्के होतं, विकास पत्र ११५ महिन्यांत दुप्पट. "डबल" ऐकलं की आपल्याकडे डोळे चमकतात, पण ११५ महिने म्हणजे साडेनऊ वर्षं, दर जेमतेम साडेसात. आप्पांच्या वयाला दोन्हीची गरज नाही.

बँकेने दिलेली बचत रोख्यांची माहिती

तरत्या व्याजदराचे बचत रोखे १ जुलै २०२०पासून निघतात. हे मात्र अस्सल सार्वजनिक कर्ज. सरकारी रोखे अधिनियम २००६च्या कक्षेतलं, एकत्रित निधीवर भारित. मुदत सात वर्षं, किमान रक्कम १,००० रुपये, वरची मर्यादा नाही. दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राला बांधलेला: त्यापेक्षा ०.३५ टक्का जास्त, दर १ जानेवारीला आणि १ जुलैला नव्याने ठरणारा. बचत प्रमाणपत्र ७.७वर असताना तो ८.०५ होतो. व्याज सहामाही, लाखाला ४,०२५.

गंमत बघा. रोखा एका वहीत, दर ठरतो दुसऱ्या वहीतल्या योजनेवरून. अल्पबचतीचे दर उतरवले की यांचाही उतरणार. पोस्टाच्या ज्येष्ठ योजनेत घेतलेला दर पाच वर्षं तुमचा, इथे सहा महिन्यांचाच. शिवाय हे रोखे बाजारात विकता येत नाहीत. ज्येष्ठांना वयानुसार काही वर्षांनी आधी मोडायची सवलत आहे, व्याजाचा तुकडा सोडून. ज्याला पैसा सात वर्षं खरंच विसरता येतो, त्याच्यासाठी उत्तम. ज्याच्या घरात लग्नाचं वय झालेली मुलगी आहे किंवा बोअर आटत चाललाय, त्याने हात आखडता घ्यावा.

मुलाने पाठवलेली यादी

यादी बघून आप्पांना घाम फुटला होता, आणि मुलाला वाटत होतं की खरा शहाणपणा यातच आहे. दोघंही निम्मे बरोबर.

रिटेल डायरेक्ट १२ नोव्हेंबर २०२१ला सुरू झालं. त्याआधी सरकारचे रोखे म्हणजे बँका, विमा कंपन्या आणि भविष्य निधीवाल्यांचा खेळ होता. आता १०,००० रुपयांपासून रिझर्व्ह बँकेकडे स्वतःच्या नावाने खातं उघडून घेता येतात, खात्याला शुल्क नाही. लिलावात भाव बोलावा लागत नाही. मोठे लोक बोली लावतात, त्यातून निघालेल्या भावात छोट्यांना वाटा मिळतो. जळगावच्या मार्केट यार्डात उभं राहून लिलाव पाहिलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही, फक्त इथे माल म्हणजे सरकारचा शब्द. साधारणपणे मंगळवारी राज्यांच्या रोख्यांचा लिलाव, बुधवारी ट्रेझरी बिलांचा, शुक्रवारी केंद्राच्या रोख्यांचा.

ट्रेझरी बिल सगळ्यात सोपं. ९१, १८२ किंवा ३६४ दिवसांचं. व्याज वेगळं मिळत नाही, कागदच स्वस्तात मिळतो. समजा ९८ रुपये ६५ पैशांना घेतलं, ९१ दिवसांनी १०० रुपये परत. वर्षाला साडेपाच टक्के पडले. आप्पांना पुढच्या वर्षी वरच्या मजल्याचा स्लॅब टाकायचा होता. तेवढे पैसे बचत खात्यात लोळवण्यापेक्षा इथे बरे. पण ते मोबाईलवर कोण बघणार, हा प्रश्न होताच.

लांब मुदतीचे रोखे ही वेगळी चीज. इथेच "सरकारी म्हणजे बिनधोक" या समजुतीला तडा जातो. समजा दहा वर्षांचा, ७ टक्क्यांचा रोखा १०० रुपयांना घेतला. दुसऱ्याच दिवशी बाजारात दर ८ टक्के झाला. आता ८ टक्के मिळत असताना तुमचा ७वाला कुणी १००ला का घेईल? त्याचा भाव ९३ रुपयांच्या आसपास येतो. दर ६वर उतरला तर तोच १०७ला जातो. सरकारने काही बुडवलेलं नाही, दर सहामाहीचं व्याज चोख येतंय, दहा वर्षांनी १०० मिळणारच. पण मध्ये विकायची वेळ आली तर भाव बाजाराचा. चाळीस-पन्नास वर्षांचेही रोखे निघतात; त्यांचा भाव तर दराच्या एका झुळकीने हेलकावतो. ५८व्या वर्षी पन्नास वर्षांचा रोखा घ्यायचा म्हणजे मुद्दल पणतूच्या बारशाला.

अजून एक. छोट्या रकमेचा रोखा विकायला काढला तर लगेच गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. राज्याच्या रोख्याला तर केंद्रापेक्षाही कमी.

मग राज्याचा रोखा घ्यावाच का? दर केंद्रापेक्षा थोडा जास्त मिळतो म्हणून. हा वरचा तुकडा कशाचा, हे समजून घ्यावं. केंद्र आणि राज्य दोघांचं कर्ज रिझर्व्ह बँकच सांभाळते. राज्याच्या रोख्याचं व्याज आणि मुद्दल ती राज्याच्या तिच्याकडच्या खात्यातून थेट वळतं करते. राज्याच्या रोख्यांनी आजवर कुणाला बुडवलेलं नाही. पण रुपया ज्याच्या नावाने निघतो ते केंद्र, आणि राज्याच्या हाती नोटांचा छापखाना नाही. केंद्रालाही तो आता मनमानी वापरता येत नाही: तूट भरायला रिझर्व्ह बँकेला आपोआप बिलं टेकवायची जुनी पद्धत १९९७मध्ये बंद झाली, आणि २००३च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने २००६पासून रिझर्व्ह बँकेला सरकारचे नवे रोखे थेट घेण्यापासूनही रोखलं. म्हणून रुपयातला सरकारी रोखा बुडण्यापेक्षा महागाईने झिजण्याची भीती मोठी. ७ टक्के व्याज आणि ६ टक्के महागाई असेल, तर कर भरून हाती काय उरतं ते आप्पांनी पाठच्या कागदावर मांडून पाहिलं आणि कागद उलटा ठेवला. (व्याज चारही ठिकाणी करपात्र आहे. केंद्र-राज्याच्या साध्या रोख्यांवर व्यक्तीचा टीडीएस कापत नाहीत, म्हणून कर माफ असा गैरसमज नको.)

सरकारच्या सावलीतले कागद

यादीच्या तळाशी मुलाने "महामंडळ आणि महापालिका बाँड?" असं प्रश्नचिन्ह लावून लिहिलं होतं. महामंडळाच्या कर्जाला राज्याची हमी असू शकते. १९९६नंतर कृष्णा खोरे विकास महामंडळाने असेच हमीचे रोखे काढून पैसा उभा केला. हमी म्हणजे जामीन. जामीनदाराच्या दारात सावकार आधी येत नाही. मूळ ऋणको थकल्यावर येतो. राज्याच्या हिशेबातही हमी कर्जात मोजत नाहीत, वेगळ्या यादीत ठेवतात. जामीन राहून शेत गमावलेला एक तरी माणूस खानदेशातल्या प्रत्येक गावात आहे, त्यामुळे हे उदाहरण आप्पांना लगेच पटलं.

महापालिका तर आणखी लांब. तिचं कर्ज अनुच्छेद २९२ मध्ये नाही, २९३ मध्येही नाही. पुण्याने २०१७मध्ये २०० कोटींचे रोखे काढले, त्यांचं ठीक चाललंय. पण जळगावकरांना वेगळी आठवण आहे. नगरपालिका असताना योजनांसाठी हुडको या केंद्राच्या गृहनिर्माण कर्ज कंपनीकडून काढलेलं कर्ज पुढे महापालिकेच्या मानेवर बसलं, खाती गोठवण्यापर्यंत पाळी आली, आणि शेवटी राज्य सरकारला मध्ये पडून तडजोड करावी लागली. तोवर शहराने खड्डे मोजले. महापालिकेचा कागद घेणाऱ्याने त्या महापालिकेची घरपट्टी किती वसूल होते ते आधी पाहावं.

आणि वहिनींनी आतून विचारलेला प्रश्न: सोन्याचे सरकारी रोखे? जळगाव जवळ असताना हा विषय टळणं शक्यच नव्हतं. सुवर्ण रोखेही सार्वजनिक कर्जच, फक्त सरकारने देणं सोन्याच्या भावाला बांधलं होतं. नोव्हेंबर २०१५च्या पहिल्या फेरीत २,६८४ रुपयांना दिलेला ग्रॅम २०२३मध्ये ६,१३२ रुपये मोजून सरकारने परत केला, वर दरसाल व्याज. फेब्रुवारी २०२४नंतर नवी फेरी निघाली नाही. सावकाराला इतका नफा होत असेल तर ऋणको दुकान बंद करणारच.

मग काय करावं

आप्पांना मी दिलेला सल्ला असा. हातात जेमतेम सहा आठवडे आहेत, म्हणून आधी पोस्ट, २५ लाख. तिमाहीला ५१,२५० रुपये येतील, पेन्शनच्या जोडीला पुरे. स्लॅबचे ५ लाख ट्रेझरी बिलात, आणि खातं मुलाने चालवायचं. ८ लाख तरत्या दराच्या रोख्यांत, जे ६५ वर्षांचे होईपर्यंत काढायचे नाहीत. लांब मुदतीचे रोखे मुलाने स्वतःच्या पगारातून घ्यावेत. त्याच्याकडे थांबायला वर्षं आहेत. तो ३४ वर्षांचा आहे, वीस वर्षांचा राज्याचा रोखा मुदतीपर्यंत धरून ठेवला तर मधल्या भावाशी त्याला देणंघेणं नाही. आप्पांच्या जागी तो असता तर माझा क्रम पूर्ण उलटा झाला असता. आणि ज्याला पेन्शन नाही, फक्त शेती आहे, त्याने मुदतीच्या कुठल्याही कागदाआधी बँकेतच एका हंगामाचा खर्च मोकळा ठेवावा.

उरले २ लाख. तेही पोस्टातच टाका म्हटलं. आप्पा बराच वेळ सुपारी कातरत बसले.

"तो चेअरमन आपल्या साडूचा भाऊ पडतो," म्हणाले. "कानबाईच्या रोटाला यायचा आहे घरी."

दोन लाख पतसंस्थेत गेले. पावतीची झेरॉक्स मात्र त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली आहे.